हॅवलॉक ते नील: अंदमानातला फेरीचा प्रवास, सोलापूरहून निघणाऱ्यांसाठी

अंदमानची सहल ठरवताना बहुतेक घरांत आधी हॉटेल बघितले जाते आणि फेरीचा, म्हणजे बेटांमधल्या प्रवासी बोटीचा, विचार सगळ्यात शेवटी होतो. तिथेच वेळापत्रक अडते. हॅवलॉकवरून नीलला जाणाऱ्या बोटी दिवसाला मोजक्याच असतात, त्या दिवसाउजेडीच सुटतात आणि समुद्र बिघडला की त्याही थांबतात. हॉटेलची खोली एक दिवस पुढेमागे करता येते, बोट करता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: विमानाच्या तारखा पक्क्या झाल्या की लगेच फेरीची तिकिटे, ती हातात आली की मग हॉटेल.

बुकिंगला बसण्याआधी नावे समजून घ्या, कारण वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी दिसतात. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप. ही नावे डिसेंबर २०१८ मध्ये देण्यात आली. पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले. सरकारी कागदावर नवी नावे, स्थानिकांच्या तोंडी जुनी आणि बुकिंगच्या पानांवर दोन्हींची सरमिसळ. घाईत तिकीट काढले तर 'स्वराज' आणि 'शहीद' यांची अदलाबदल सहज होते आणि उलट्या दिशेचे तिकीट हाती पडते. पैसे भरण्याआधी 'कुठून' आणि 'कुठे' मोठ्याने वाचा.

कधी जायचे

आपल्याकडच्या शाळेच्या सुट्ट्या आणि अंदमानचा समुद्र यांचे फारसे पटत नाही. दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा मोसम असतो. वादळ अंदमानवर आले नाही तरी शेजारी कमी दाबाचा पट्टा तयार झाला की लाटा वाढतात आणि फेऱ्या रद्द होतात. उन्हाळी सुट्टीत एप्रिल बरा जातो. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास नैर्ऋत्य मोसमी वारे देशात सर्वात आधी तिथेच पोहोचतात. सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा तिकडे पाऊस सुरू झालेला असतो आणि समुद्र उसळायला लागतो.

सगळ्यात शांत समुद्र साधारण जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मिळतो. सोलापूरकरांसाठी हिशेब सोपा आहे: संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा आटोपा, गड्ड्यावर फिरून घ्या आणि त्यानंतर निघा. नाताळ-नववर्षाची गर्दीही तोवर ओसरलेली असते. मुलांच्या शाळेमुळे दिवाळीतच जायचे असेल तर जरूर जा, पण वेळापत्रकात एक दिवस मोकळा ठेवूनच. ज्या सहलीत मोकळा दिवस नाही, ती त्या दिवसांत काढू नये.

सोलापूर ते पोर्ट ब्लेअर

सोलापूरला जवळचा पर्याय हैदराबादचा. राष्ट्रीय महामार्ग ६५ ने उमरगा, जहीराबाद करत साधारण ३०० किलोमीटर. हैदराबादचा विमानतळ शहराबाहेर शमशाबादला आहे, त्यामुळे रेल्वेने गेलात तर स्टेशनावरून पुढचा तास-दीड तास वेगळा धरा. रेल्वे आणि विमान एकाच सकाळी जोडू नका. गाडी दोन तास उशिरा आली तरी विमान चुकते. आदल्या दिवशी दुपारी निघून रात्री हैदराबादला मुक्काम करणे किंवा चारचाकीने थेट विमानतळ गाठणे, हेच सुरक्षित. दुसरा मार्ग चेन्नईचा. मुंबई-चेन्नई लोहमार्ग सोलापूरवरूनच जातो. रेल्वेत रात्र जाते, पण चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला विमानेही अधिक आणि हवाई प्रवास दोन-सव्वादोन तासांचा.

भारतीय नागरिकांना हॅवलॉक आणि नीलसाठी वेगळा परवाना लागत नाही. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र मात्र सोबत हवे. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

त्रिकोण कसा फिरवायचा

पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील हा समुद्रातला त्रिकोण आहे. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक ही सर्वात लांब बाजू. खासगी वेगवान बोटीने दीड ते अडीच तास लागतात. हॅवलॉक ते नील ही सर्वात छोटी, जेमतेम वीस किलोमीटरची. नील ते पोर्ट ब्लेअर चाळीस किलोमीटरच्या आसपास, एक ते दीड तास. वेगवान बोटी खुल्या समुद्रात ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास धावतात. त्या हिशेबाने हॅवलॉक-नील अर्ध्या तासाचे अंतर. पण धक्का सोडताना आणि लागताना बोट हळू चालते, म्हणून प्रत्यक्षात पाऊण ते एक तास धरावा.

पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, पुन्हा पोर्ट ब्लेअर, याच क्रमाने जाणे चांगले. लांबचा टप्पा सुरुवातीला, अंगात उत्साह असताना होऊन जातो आणि परतीच्या दिवशी छोटा टप्पा उरतो. त्यातही सकाळची बोट घ्या. दुपारनंतर वारा वाढण्याची शक्यता जास्त, आणि सकाळची बोट रद्द झाली तर निदान दुपारची बघता येते. दुपारची रद्द झाली तर त्या दिवशी मागे काहीच उरत नाही.

सात दिवसांची चांगली बसणारी आखणी अशी. पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला उतरून सेल्युलर जेल. मराठी माणूस अंदमानला जाऊन सावरकरांची कोठडी न पाहता परतला असे होऊ नये, म्हणून ते पहिल्याच दिवशी पदरात पाडून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हॅवलॉक, तिथे दोन रात्री. चौथ्या दिवशी सकाळी नील, तिथे एक रात्र. पाचव्या दिवशी पोर्ट ब्लेअरला परत. सहावा दिवस राखीव. समुद्राने साथ दिली तर त्या दिवशी रॉस बेट, म्हणजे आताचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, पाहा. नाही दिली तर हाच दिवस अडकलेल्या प्रवासाला कामी येतो. सातव्या दिवशी विमान. सकाळी नीलहून निघून दुपारचे विमान पकडायचे, ही आखणी एजंटकडून आली तर सरळ नाकारा. त्यात एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे वाचतात आणि बोट थांबली तर घरातल्या सगळ्यांची विमानाची तिकिटे जातात.

तिकीट काढताना

बोटी दोन प्रकारच्या. खासगी वेगवान वातानुकूलित बोटी, जसे मक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन; आणि नौवहन सेवा संचालनालयाच्या सरकारी बोटी. सरकारी तिकीट बरेच स्वस्त असते, पण या बोटी मुळात बेटांवर राहणाऱ्यांसाठी आहेत. शाळा, दवाखाना, बाजार यासाठी लोक त्यांवर अवलंबून असतात आणि जागावाटपात त्यांना प्राधान्य मिळते, ते योग्यच आहे. पर्यटकांसाठी तिकिटे प्रवासाच्या थोडेच दिवस आधी खुली होतात. कुटुंबासह जाणाऱ्याने खासगी तिकीट आधीच काढून ठेवावे. एकटा-दुकटा, वेळ हाताशी असलेला प्रवासी सरकारी बोटीने आरामात जाऊ शकतो, आणि डेकवर उभे राहून समुद्र बघायला मिळतो तो वेगळाच.

नावे आधार कार्डावर आहेत तशीच घाला. 'पप्पू', 'बाळासाहेब' अशी घरची नावे घालून ठेवली की धक्क्यावर अडचण होते. मांडीवरच्या बाळाचे नावही बुकिंगमध्ये हवे. मोबाइल नंबर एजंटचा देऊ नका, स्वतःचा द्या; बोटीची वेळ बदलल्याचा किंवा फेरी रद्द झाल्याचा निरोप त्याच नंबरवर येतो, आणि एजंट तो वेळेत पुढे पाठवेलच असे नाही. तिन्ही टप्प्यांची तिकिटे वेगवेगळी असतात, तिन्हींच्या छापील प्रती काढा. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल २०२० मध्ये सुरू झाल्यापासून अंदमानात इंटरनेट बरेच सुधारले, तरी धक्क्यावर शेकडो माणसे एकाच वेळी तिकीट उघडायला लागली की मोबाइल फिरतच राहतो.

सामानाच्या वजनाची मर्यादा कंपनीनुसार बदलते आणि तिकिटावर लिहिलेली असते. विमानात चालणारी बॅग साधारणपणे बोटीत चालते. मोठी चाकांची एक बॅग घेण्यापेक्षा दोन मध्यम बॅगा बऱ्या, कारण धक्क्यावर सामान स्वतः ओढावे लागते आणि भरती-ओहोटीप्रमाणे बोटीवर चढायची फळी कधी सपाट असते, कधी चांगलीच तिरकी.

कुठे बसायचे आणि बोट लागू नये म्हणून काय करायचे

समुद्राची सवय नसलेल्यांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. उजनीच्या जलाशयातली लाँचची फेरी जमली म्हणजे समुद्रही जमेल असे धरून चालू नका. तुळजापूरच्या घाटात ज्यांना गाडी लागते, त्यांना बोट लागण्याची शक्यता बरीच.

बोट लागते कारण कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग 'आपण हलतोय' म्हणतो आणि बंद केबिनमध्ये समोरच्या खुर्चीवर खिळलेले डोळे 'आपण स्थिर आहोत' म्हणतात. मेंदूपर्यंत दोन उलट निरोप गेले की मळमळ सुरू होते. त्यावरून उपाय आपोआप कळतात. डोळ्यांना बाहेरची क्षितिजरेषा दिसू द्या. मोबाइल, पुस्तक, पत्ते बंद. खिडकीवर खारे पाणी उडून काच धूसर झाली असेल तर डोळे मिटून डोके खुर्चीला टेकवा. अर्धवट दिसण्यापेक्षा काहीच न दिसणे बरे.

जागेची निवड याहून मोठा फरक पाडते. बहुतेक वेगवान बोटी दोन सांगाड्यांच्या, म्हणजे कॅटमरान घडणीच्या. त्या आडव्या फारशा कलत नाहीत, पण लाटेवर चढताना-उतरताना पुढचा भाग उचलला जातो आणि आदळतो. बोटीचा मध्य आणि त्यामागचा भाग सर्वांत कमी हलतो. अगदी पुढचा आणि वरचा मजला सर्वांत जास्त. गंमत अशी की महागडी, 'प्रीमियम' म्हणून विकली जाणारी आसने अनेकदा पुढे किंवा वरच असतात. दृश्य हवे असेल तर ती घ्या. आई-वडील, लहान मुले किंवा गाडी लागणारे कोणी सोबत असेल तर खालच्या मजल्यावरची, मध्यापासून थोडी मागची साधी आसने घ्या. बहुतेक वेगवान बोटींत प्रवासभर आतच बसावे लागते. ग्रीन ओशनच्या बोटींना उघडा डेक आहे. मोकळ्या हवेने ज्यांना बरे वाटते त्यांनी ती निवडावी.

पोट रिकामे ठेवू नका आणि भरूनही घेऊ नका. निघण्याआधी तासभर इडली, टोस्ट, केळे असे हलके खावे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोलापूरकराच्या बॅगेत असणारच. ती आठवडाभर टिकते आणि बेटावर फार उपयोगी पडते, पण चटणी बोटीतून उतरल्यावर खा. तिखट, तेलकट खाऊन बोटीत बसणे म्हणजे मळमळीला आमंत्रण. आलेपाक किंवा सुंठीची गोळी चघळल्याने अनेकांना आराम पडतो.

गोळी घ्यायची तर वेळेवर घ्या. प्रोमेथाझिन थिओक्लेट २५ मिलिग्रॅम ही आपल्याकडे औषधाच्या दुकानात सर्रास मिळणारी गोळी. प्रौढाने ती निघण्याआधी एक ते दोन तास घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीतच पडते. गरोदर स्त्रिया, लहान मुले, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेले आणि झोपेची वा मानसिक आजाराची औषधे चालू असलेले, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. या गोळीने चांगलीच गुंगी येते. नीलला उतरल्या उतरल्या भाड्याची स्कूटर घेण्याचा रिवाज आहे. ज्याने गोळी घेतली त्याने त्या दिवशी स्कूटर चालवू नये. दुसऱ्या दिवशी स्कुबा करायचे असेल तर गोळीबद्दल डाइव्ह सेंटरला सांगा. स्कुबा आणि फेरी यांचे वैर नाही, स्कुबा आणि विमानाचे आहे: शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ ते २४ तास विमानात बसायचे नसते. वरच्या आखणीत हॅवलॉकचे स्कुबा तिसऱ्या दिवशी येते, म्हणून ही अडचण उद्भवत नाही.

धक्क्यावर

पोर्ट ब्लेअरला बोटी हॅडो आणि फिनिक्स बे अशा वेगवेगळ्या धक्क्यांवरून सुटतात. तिकिटावर धक्क्याचे नाव असते. रिक्षावाल्याला नुसते 'जेट्टी' सांगू नका. सुटण्याच्या एक तास आधी पोहोचा. काउंटर बोट सुटण्याच्या बरेच आधी बंद होतो आणि उशिरा आलेल्यासाठी बोट थांबत नाही.

आत गेल्यावर ओळखपत्र आणि तिकीट तपासतात, सामानाची तपासणी होते, मोठ्या बॅगांना टॅग लावून त्या बोटीत एका जागी रचतात. टॅगचा अर्धा तुकडा जपून ठेवा. औषधे, पैसे, चार्जर, पाण्याची बाटली आणि कपड्यांचा एक जोड खांद्यावरच्या पिशवीत तुमच्याजवळच असू द्या. पैशांचे पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत. नीलवर एटीएम फारसे नाहीत, म्हणून रोख पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवा.

जागेवर बसल्यावर पहिल्या दोन मिनिटांत दोन गोष्टी बघा: लाइफ जॅकेट कुठे आहे आणि जवळचे दार कोणत्या बाजूला आहे. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, तेव्हा जॅकेट हाताशी असणे आणि नसणे यांतला फरक साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. मोठ्या फेरीपेक्षाही बेटांभोवतीच्या छोट्या बोटींत हे कटाक्षाने पाळा. २६ जानेवारी २०१४ ला पोर्ट ब्लेअरजवळ क्षमतेहून जास्त माणसे घेतलेली पर्यटक बोट उलटून वीसहून अधिक लोक बुडाले होते. हॅवलॉकवरच्या एलिफंट बीचला नेणारी किंवा नीलवरची काचेच्या तळाची बोट गच्च भरलेली दिसली तर पुढच्या बोटीची वाट बघा. जॅकेटचा पट्टा मुलांना नीट बसतो का तेही स्वतः ओढून पाहा.

नीलला कोणत्या वेळी पोहोचायचे

अंदमान घड्याळाने आपल्यासारखेच, पण बरेच पूर्वेला. डिसेंबरमध्ये तिथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, सोलापूरपेक्षा जवळजवळ तासभर आधी. दुपारी तीनच्या बोटीने नीलला गेलात तर हॉटेलात बॅगा टाकेपर्यंत अंधारायला लागते आणि लक्ष्मणपूरचा सूर्यास्त जातो. सकाळच्या बोटीने गेलात तर पूर्ण दिवस मिळतो. नील इतके छोटे की धक्क्यापासून भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर सगळे काही मिनिटांच्या अंतरावर.

नीलचा दिवस भरती-ओहोटीवर आखायचा असतो, आणि फेरी निवडतानाच हे बघून घेतलेत तर फार फायदा होतो. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावरची प्रवाळखडकाची नैसर्गिक कमान ओहोटीतच गाठता येते. भरतीला वाटेतले खडक पाण्याखाली जातात. भरतपूरला उलट: काचेच्या तळाच्या बोटींना पुरेसे पाणी लागते. म्हणून पोर्ट ब्लेअरचे भरतीचे कोष्टक इंटरनेटवर पाहून ठेवा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात, तो हिशेब तिथे लावू नका. प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी खूप खाली जाते, कमान पाहायला ते दिवस उत्तम. खडक शेवाळाने निसरडे असतात. मागे पट्टा असलेल्या चपला घाला.

फेरी रद्द झाली तर

हवामान बिघडले की बंदर प्रशासन बोटींना परवानगी देत नाही. धक्क्यावर गोंधळ असतो, लोक काउंटरवर आवाज चढवतात, त्याने बोट सुटत नाही. आधी घरातल्या एकाला कंपनीच्या काउंटरच्या रांगेत उभे करा आणि पुढच्या उपलब्ध फेरीत जागा मागा. पहिले येतील त्यांना आधी मिळतात. त्याच वेळी दुसऱ्याने सरकारी तिकीट खिडकीवर चौकशी करावी. तिसऱ्याने आहात त्या बेटावरच्या हॉटेलला फोन करून खोली आणखी एका रात्रीसाठी राखावी. हे लगेच केले नाही तर अडकलेले सगळेच प्रवासी खोल्या शोधू लागतात. पुढच्या हॉटेलला उशीर कळवा. हवामानामुळे असेल तर अनेक जण तारीख बदलून देतात.

कंपनीने फेरी रद्द केली तर पैसे परत किंवा दुसऱ्या फेरीत जागा मिळते. तुम्ही स्वतः रद्द केली तर उरलेल्या तासांप्रमाणे कपात होते. एजंटमार्फत तिकीट असेल तर परतावा आधी एजंटच्या खात्यात जातो, म्हणून रद्द झाल्याचा संदेश आणि तिकिटाचा क्रमांक जपून ठेवा आणि सोलापूरला परतल्यावर त्याच आठवड्यात पैसे मागून घ्या. विमान चुकण्याची वेळ आली तर ते सुटण्याआधी तिकीट बदला. सुटून गेल्यावर हातात फारसे काही उरत नाही.

परतीच्या बॅगेत किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार प्रवाळांना संरक्षण आहे, तुकडा मेलेला आणि वाळूत पडलेला असला तरीही. विमानतळावरच्या तपासणीत ते दिसतात. मुलांनी खिशात भरलेले शंखशिंपले निघण्याआधी नीलच्याच किनाऱ्यावर रिकामे करून घ्या.